झाझेनमध्ये श्वास मोजायचा कसा
झाझेन म्हणजे झेन बौद्ध परंपरेतलं बसून करायचं ध्यान. त्यात पहिलं म्हणजे श्वासावर जबरदस्ती नको, प्राणायामासारखं रोखून वगैरे धरायचं नाही, नाकातून जसा येतो-जातो तसा येऊ द्यायचा. उशीवर बसा, गुडघे टेकलेले, पाठ ताठ, डोळे अर्धवट उघडे, नजर समोर मीटरभर अंतरावर खाली. आता सुसोकुकान, म्हणजे मोजणी. श्वास सोडताना मनात एक आकडा, १ ते १० आणि मग परत १. मधेच एखादा मेल आठवून आकडा हरवला किंवा नकळत १४ पर्यंत गेलात (सगळ्यांचंच होतं हो) तर चिडचिड न करता सरळ १ वर या. लक्ष नाभीच्या जरा खाली, पोट हलू द्या. हे जमलं की आकडे सोडून नुसता श्वास फॉलो करायचा, पण माझ्या मते त्याची घाई नको, सुरुवातीला १०-१५ मिनिटं मोजणीच भरपूर झाली. गरगरलं तर जोर लावताय, थांबा जरा.