पर्कोलेटर तापतो, पण कॉफी वर चढत नाही

पर्कोलेटर म्हणजे कॉफीचं असं भांडं, ज्यात गरम पाणी मधल्या नळीतून वर चढून कॉफीच्या पुडीवर पुन्हा पुन्हा पडतं. आमच्या जुन्या विजेच्या पर्कोलेटरमध्ये पाणी गरम व्हायचं, पण झाकणावरच्या काचेच्या बोंडात उसळी दिसेना. कॉफी म्हणून हाती यायचं ते नुसतं पिवळट पाणी. घरात मत पडलं, नवा घ्या. पण भांडं चांगलं जाड स्टीलचं, टाकवेना.

प्लग काढून आधी मल्टिमीटर (विजेची मोजमापं घेणारं यंत्र) लावला. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 800 वॅटच्या एलिमेंटचा (पाणी तापवणाऱ्या भागाचा) रोध साधारण 66 ओहम यायला हवा, तसाच आला. म्हणजे बिघाड विजेचा नव्हता.

मग नळीकडे वळलो. तळाच्या मधोमध एक खळगा असतो. तिथलं थोडंसं पाणी आधी उकळतं आणि त्याचे बुडबुडे वरचं पाणी नळीतून ढकलत नेतात. नळीच्या पायाशी एक सुटी चकती असते, ती झडपेचं काम करते. नळी हलवली की ती खुळखुळायला हवी. माझी मुकी! क्षारांनी पार चिकटलेली.

लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड घालून नळी त्यात बुडवून ठेवली. तेच पाणी भांड्यातही ओतलं, खळगा बुडेल इतकं. थर आपोआप सुटतो, सुरीने खरवडायची गरज नाही. नळी आतून बारीक ब्रशने घासली. भांडं धुताना विजेचा तळ मात्र कोरडा ठेवायचा.

आता उसळी जोरात येते. एलिमेंटच तुटलेलं निघालं असतं, तर मी नवाच घेतला असता. बऱ्याच मॉडेलमध्ये ते तळाला कायमचं जोडलेलं असतं.