शेवभाजी आधी, मेनूकार्ड नंतर

मी बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर आहे. १९ वर्षं झाली. जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे आणि दुपारचं जेवण घराबाहेर. सणवार, रविवार, आजारपण वजा केलं तरी वर्षाला अडीचशे जेवणं धरा. म्हणजे आजवर पावणेपाच हजारांच्या आसपास. डबा का नेत नाही, असं विचारणाऱ्यांनी मे महिन्यात ४५ अंशाला गाडीत डबा ठेवून बघावा. दुपारी झाकण उघडलं की वरण आपणहून बोलायला लागतं.

मी धुळ्याकडचा, बायको यावलकडची. बाहेर काय वाट्टेल ते खा, पण घरी येऊन त्याचं वर्णन करू नका, असा तिचा नियम आहे. म्हणून इथे लिहितोय.

पहिला प्रश्न, थांबायचं कुठे? ट्रक उभे दिसले की जेवण चांगलं, असं ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याने स्वतः ट्रक कधी वळवलेला नसावा. ट्रक मावेल तिथे ट्रक थांबतो. शिवाय त्या माणसाला आंघोळीला नळ हवा, पाठ टेकायला खाट हवी, गाडीवर नजर हवी. भाजी चौथ्या नंबरावर. मी निवृत्त मास्तर शोधतो. अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर आणि दोन पेनं, बाहेर जुनी स्कूटर. मास्तरांनी लग्नसराईत इतक्या पंगती झोडलेल्या असतात की त्यांना फसवणं अवघड. त्यातून पेन्शन मोजून येते, त्यामुळे पैसेही वसूल करायचे असतात. मास्तरांनी भाकरी हाताच्या पालथ्या बाजूने चाचपून "गार आहे रे" म्हणत परत पाठवली आणि पोऱ्याने तोंड वाकडं न करता दुसरी आणली, की गाडी लावून टाका.

दुसरी खूण हात धुवायचं बेसिन. त्याचं एक छायाचित्र दारावर लावायची सक्ती केली तर निम्म्या हॉटेलांचा प्रश्न मिटेल. साबणाची वडी ओली असावी. कोरडी, भेगा पडलेली असली तर त्या हॉटेलात कोणीच हात धुत नाही, आणि 'कोणीच' यात आचारीही आला.

बसायला फॅमिली रूम टाळा. कुटुंब बरोबर असलं तरी टाळा. तिथल्या पडद्याआड गेलेला माणूस वेटरच्या दृष्टीने गावाला गेलेला असतो. टेबलावरचं बटण दाबलं तर घंटी वाजत नाही, आणि वाजलीच तर शेजारच्या खोलीत वेटर जातो. गल्ल्यासमोरचं टेबल धरा. मालक समोर असला की पोळी गरम येते, हा माझा पक्का अनुभव.

आता मेनूकार्ड. ते उघडा, मुलांना वाचायला द्या आणि विसरा. मी एकदा भाजी यायची वाट बघत मोजलं, १४० पदार्थ भरले. भटारखान्यात पातेली होती तीन. एकात लाल ग्रेव्ही, एकात पांढरी, एकात पिवळी. व्हेज कोल्हापुरी, व्हेज हैदराबादी, व्हेज कढाई आणि व्हेज अंगारा या चौघी सख्ख्या बहिणी, वेशभूषा तेवढी वेगळी. कोल्हापुरीवर सुकी मिरची खोचतात, अंगारावर कोळसा ठेवतात. ती मिरची तरी कोल्हापूरची कुठली? नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे ढीग पडतात आणि हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथारींवर नजर पोचेल तिथवर लाल गालिचा वाळत असतो. काच खाली करून तिकडून गेलात तर पुढचे चार किलोमीटर शिंकत जाल. एवढं घरात असताना कोल्हापूरला कोण जातो!

मेनूकार्डाऐवजी एक प्रश्न विचारायला शिका: "आज तुमच्या घरी काय केलंय?" लोक लाजतात विचारायला. मीही लाजायचो. एकदा दोंडाईचाच्या पुढे दुपारी तीन वाजता एका हॉटेलात शिरलो, तर गल्ल्यामागे मालक, त्याची आई आणि दोन पोरं जेवायला बसलेली. ताटात कढी-फुणके. फुणके म्हणजे भिजवलेली तुरीची डाळ भरड वाटून, मिरची-लसूण-कोथिंबीर घालून वाफवलेले मुटके. फोडून कढीत कुस्करायचे, वरून तेलाची धार. मी न राहवून विचारलं. आजी म्हणाल्या, "बस ना भाऊ." चार फुणके, दोन भाकऱ्या आणि कांदा बुक्कीने फोडून. जेवण झाल्यावर खरी पंचाईत मालकाची झाली. आजी पैसे घेऊ देईनात, मी दिल्याशिवाय उठेना, आणि कार्डावर फुणके नाहीत. शेवटी त्याने 'दाल फ्राय, एक' असं बिल फाडलं. डाळ होतीच त्यात, खोटं काही नाही.

घरी काय केलंय याचं उत्तर "तेच, जे तुम्हाला देतो" असं आलं तर शेवभाजी मागवा. ही खान्देशातली परीक्षा आहे आणि हिच्यात कॉपी करता येत नाही.

शेवभाजी टेबलावर आली की लगेच तुटून पडू नका. आधी बघा. वाटीच्या कडेला तेल सुटलेलं हवं आणि त्याचा रंग लाल-तपकिरी हवा. केशरी दिसलं की समजा, मसाला कमी आणि रंग जास्त. खालचा रस्सा काळपट हवा, कारण सुकं खोबरं आणि कांदा करपायच्या एक पायरी आधीपर्यंत भाजलेला असतो. वास घ्या. खोबऱ्याचा खरपूस वास आधी आणि दगडफुलाचा मागाहून यायला पाहिजे. नुसता गरम मसाल्याचा भपकारा आला तर पाकीट फोडलंय. मग चमच्याने शेवेचा एक तुकडा उचला. ही चिवड्यातली बारीक शेव नव्हे. भाजीची शेव जाड, लसूण-तिखट-ओवा घातलेली, पेन्सिलीशी नातं सांगणारी. बाहेरून रस्सा प्यायलेली आणि मधोमध अजून कडक, अशी अवस्था चार-पाच मिनिटंच टिकते. पोळीचा पहिला घास त्याच वेळात झाला पाहिजे. फोन आला तर कट करा. साहेबांचा असला तरी.

शेव आधीच लगदा झालेली असेल आणि रस्सा पिठल्यासारखा घट्ट, तर ती भाजी सकाळीच जमवून ठेवलेली आहे. भांडू नका, फक्त नंतर काही मागवू नका. रस्सा गोड लागला तर मात्र भांडा. काजूची पेस्ट घालून शेवभाजी 'रिच' करणारा एक संप्रदाय अलीकडे निघालाय. त्यांचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तिखटाची भाषा वेगळी शिकावी लागते. आपल्याकडे 'फिक्कं' म्हणजे पुण्याचं तिखट, 'मीडियम' म्हणजे कान गरम होणार आणि 'तिखट' म्हणजे डोक्यावरून रुमाल फिरवत जेवायचं. यापुढचा शब्द वापरू नका. सात वर्षांपूर्वी आमचे पुण्याचे साहेब दौऱ्यावर आले होते. महामार्गावरच्या एका हॉटेलात नेलं. नाव सांगत नाही, कारण चूक माझीही होती. साहेबांनी मीडियम सांगितलं. वेटरने रस्सा ठेवला आणि प्रेमाने म्हणाला, "खा साहेब, एकदम फिक्कं शे." दुसऱ्या घासाला साहेबांचा चष्मा धुकटला. तिसऱ्याला ते उठून बाहेर गेले. मी मागे धावलो तर ते केळीच्या गाडीवर उभे, तीन केळी संपवून चौथं सोलत होते. त्या वर्षीची माझी पगारवाढ त्या रश्श्यातच गेली असं बायकोचं मत आहे. तेव्हा बाहेरचा पाहुणा असेल तर ताक आधी मागवा, भाजी नंतर, आणि रस्सा वेगळ्या वाटीत.

भरिताबद्दल मी लिहू नये असं घरातून बजावलंय. भरीत यावल-रावेरकडचं, धुळेकरांनी गप्प बसावं. तरी दोन शब्द. भरीत थंडीत खायचं. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की पुढे दोन-अडीच महिने खरा हंगाम. हिरवट-पांढऱ्या सालीची ती मोठी वांगी, बामणोदची म्हणून मागतात लोक. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सासऱ्यांचा चेहरा असा होता की जणू अर्ज त्यांनीच भरला. वांगी शेतातल्या काड्याकाटक्यांच्या जाळावर भाजलेली असली पाहिजेत. ओळखायचं कसं? भरितात करपलेल्या सालीचे बारीक काळे कण दिसतात. एकही कण नाही आणि रंग गोरापान, तर वांगं गॅसवर भाजलंय, ते भाकरीबरोबर खा पण भरीत म्हणू नका. हिरवी मिरची वाटून मिसळलेली हवी, शेंगदाणे आख्खे दाताखाली यावेत, कांद्याची पात असावी, टोमॅटो अजिबात नको. टोमॅटो दिसला तर ते बैंगन का भरता आहे, हिंदीत बिल द्या. जळगावात थंडीत भरीत किलोवर विकतात. माणशी पाव किलो सांगा आणि सोबत कळण्याची पुरी. ज्वारी-उडदाचं ते पीठ, त्याची पुरी गार झाली तरी चालते, भरीत चालत नाही.

वरणबट्टी आणि खापरावरचे मांडे हॉटेलात शोधू नका. मिळतात, पण वरणबट्टी खायची ती लग्नाच्या आदल्या दिवशी, घोटलेल्या वांग्याच्या भाजीबरोबर, मांडी घालून. आमंत्रण मिळवा. ओळख काढा. खान्देशात दोन माणसांचं नातं निघायला तीन वाक्यं पुरतात: गाव कोणतं, आडनाव काय, अमक्या आप्पांचे तुम्ही कोण?

पार्सल नेताना शेव आणि रस्सा वेगळा बांधायला सांगा, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की रश्श्याच्या पिशवीला गाठ मारून झाल्यावर ती दुसऱ्या पिशवीत उलटी ठेवायला सांगायची. गाठ कच्ची असेल तर तिथेच गळते, गल्ल्यावर, तुमच्या सीटवर नाही. माझ्या आधीच्या गाडीला विकेपर्यंत शेवभाजीचा वास होता. घेणाऱ्याने त्याचे हजार रुपये कमी केले. तो गुजरातचा होता.

बिल आलं की बघून घ्या. त्यावर ५ टक्के जीएसटी लावला असेल तर हॉटेलचा १५ अंकी-अक्षरी नंबरही छापलेला पाहिजे. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर स्वतःच भरणाऱ्या छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि तसं बिलावर लिहावंही लागतं. हे हसत विचारा. मी एकदा तावातावाने विचारलं आणि मालक माझ्या काकांचा वर्गमित्र निघाला.

राहिलं बिल कोणी द्यायचं. एकटे असाल तर प्रश्न नाही. चौघं असाल तर हे जेवणाचंच पाचवं अंग समजा. शर्टाच्या खिशात हात घालणाऱ्याचा दंड धरायचा, "तुम्ही पाहुणे, असं चालणार नाही" म्हणायचं, त्याने "मागच्या वेळी तुम्हीच दिले होते" म्हणायचं. दोघांनी खुर्च्या मागे सरकवायच्या. एवढं न करता जो बिल देऊन टाकतो त्याला माज आलाय म्हणतात, आणि जो देऊ देतो त्याच्याबद्दल काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. माझे फैजपूरचे साडू या खेळात पटाईत. ताक संपायच्या आत हात धुवायला म्हणून उठतात आणि पैसे भरून येतात. अकरा वर्षं मी हरतोय.

यंदा भाऊबीजेनंतर दोन्ही घरं मिळून नऊ माणसं जेवायला गेलो. मी ठरवून दहा मिनिटं आधी पोचलो, गल्ल्यावरच्या पोराच्या हातात दोन हजार ठेवले आणि सांगितलं, टेबल सहाचे कोणी काही दिलं तर घ्यायचं नाही. जेवण मजेत झालं. साडू हात धुवायला उठले, मी उठू दिलं. ते परत आले, शांत. सासरे बडीशेप घ्यायला गेले, तेही परत आले, शांत. मी मनातल्या मनात फटाके वाजवत होतो. निघताना तो पोरगा हातात नोटा घेऊन दारापर्यंत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, सहा नंबरचे तिघांनी दिलेत. एक जण तर काल संध्याकाळीच देऊन गेले. आता कोणाचे परत करू?"