जुनी गाडी ठेवायची की विकायची? आधी पत्रा ठोकून बघा

गॅरेजवाल्याने खर्चाचा आकडा सांगितला की मनात लगेच एक हिशेब सुरू होतो: गाडीला येणार एवढे आणि दुरुस्तीलाच जाणार तेवढे, मग विकून टाकलेली बरी. हा हिशेब अर्धवट आहे. विकल्यावर तुम्ही पायी फिरणार नसता. दुसरी गाडी घ्यावी लागते, आणि तिच्या पोटात काय दडलंय हे तुम्हाला माहीत नसतं. दारातल्या गाडीची दुखणी निदान ओळखीची असतात. त्यामुळे गाडीची किंमत किती उरली यापेक्षा पुढची दोन वर्षं फिरायला मला एकूण किती खर्च येईल, हा प्रश्न आधी विचारावा. मी चारचाकी धरून लिहितोय, पण दुचाकीलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

पहिलं काम: पत्रा आणि सांगाडा

सगळे आधी बॉनेट उघडतात. मी म्हणेन, आधी खाली वाका. क्लच, रेडिएटर, अल्टरनेटर, वेळ आली तर अख्खं इंजिनसुद्धा उतरवून बदलता येतं. सांगाडा गंजाने कुजला की मात्र दुरुस्ती परवडत नाही आणि केली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. तिचं इंजिन शेवटपर्यंत कुरकुरलं नाही. एकदा चाक बदलताना मागच्या दाराखालच्या पट्टीवर रंग थोडा फुगलेला दिसला. स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन पुढून मागे ठोकत गेलो. टण, टण, टण, आणि मागच्या चाकाजवळ एकदम ‘थप’. नखाने दाबलं तर रंगाचा पोपडा सुटला. खाली पांढरी पुट्टी होती आणि तिच्यामागे तपकिरी भुगा. स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर न लावता बोटाच्या पेरभर आत गेलं. आधी कुणीतरी कुजलेला पत्रा न कापता वरून लिंपून रंगवला होता. जॅक लावायची जागा तिथून वीतभर अंतरावर होती. त्या दिवशी गाडी ठेवायचा विचार सोडला.

तुम्हीही असंच करा. भरपूर उजेडात, गाडी कोरडी असताना दाराखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी आणि स्टेपनी ठेवायचा खड्डा मॅट उचलून बघा. सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ती जागा तर नक्कीच बघा. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. आजूबाजूला चिकटतं आणि मधेच सुटतं, तिथे खाली पुट्टी असण्याची शक्यता मोठी. (ॲल्युमिनियम किंवा फायबरच्या भागावर ते चिकटणारच नाही, हे लक्षात असू द्या.) दारावर वरवरचा गंज असेल तर घाबरू नका, तो दिसायला वाईट असतो इतकंच. बॉडी पेलणाऱ्या भागातला गंज धोक्याचा.

मग इंजिन, तेही थंड असताना

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी तपासा. गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून ऑइलची पातळी बघा. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, लोण्यासारखा थर दिसला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, ऑइलमध्ये मिसळत असू शकतं. पण एवढ्यावरून हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील) गेलं असं ठरवू नका. थंड हवेत रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीतही आतल्या दमटपणामुळे असा थर धरतो. सोबत कूलंट सारखं कमी होत असेल, गाडी तापत असेल किंवा कूलंटवर तेलकट तवंग असेल, तर मात्र शंका खरी.

आता स्टार्ट करा आणि कुणाला तरी मागे उभं करून धूर बघायला सांगा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय, आणि हे बऱ्याचदा थोडक्यात दुरुस्त होतं. सकाळची पांढरी वाफ दोन-चार मिनिटांत विरली तर काळजी नको. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट जळतंय.

क्लचसाठी रिकाम्या चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच स्लिप होतोय. बॅटरीला मल्टिमीटर लावा: पूर्ण चार्ज, उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट, आणि इंजिन चालू असताना साधारण १४ च्या आसपास. चालू असतानाही १२ वरच अडकत असेल तर नवी बॅटरी घ्यायची घाई नको, आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासून घ्या.

टायरच्या बाजूवर DOT (डॉट) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. खाचा खोल दिसत असल्या तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच फक्त १.६ मिलिमीटर उरलेली असते.

एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालीचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट. काही गाड्यांत बेल्टऐवजी चेन असते, तुमच्यात काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल, तर बदललेला नाही असंच समजा. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि बेल्टच्या पैशांत भागलं असतं तिथे अख्खं इंजिन उघडावं लागतं.

आता कागदावर मांडा

सापडलेली कामं तीन गटांत लिहा: सुरक्षेची, गाडी चालती ठेवायची आणि दिसण्याची. तिसरा गट हिशेबातून काढून टाका.

उदाहरणादाखल आकडे धरू. गाडी आहे तशी विकली तर १०० मिळतात. दुरुस्तीला ८० लागतील, दोन वर्षांची देखभाल ६०, आणि तोवर तिची किंमत १०० वरून ६० वर येईल, म्हणजे घट ४०. एकूण १८०. दुसरी वापरलेली गाडी ४०० ला घेतली, दोन वर्षांनी ती २८० ला गेली तर नुसती घट १२०. कागदपत्रं आणि विमा वगैरेचे ४०, आणि घेतल्याघेतल्या बेल्ट, ऑइल, टायर यांचे ७०. एकूण २३०. दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या ८० टक्के असूनही इथे ठेवणंच स्वस्त पडलं. तुमचे आकडे घालून बघा, कदाचित उलटंही निघेल. मागच्या वर्षी क्लचवर घातलेले पैसे यात धरू नका. ते गेले, आणि कोणताही निर्णय घेतला तरी परत येणार नाहीत.

काही वेळा मात्र हिशेब काहीही सांगो, मी विकाच म्हणेन: सांगाडा कुजलाय, सुटे भाग मिळत नाहीत, किंवा रोजची कमाई गाडीवर असून ती महिन्यातून दोनदा रस्त्यात बंद पडते.

ठेवायची ठरली तर

पहिले पैसे ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगवर. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, मग लांब उतारावर ब्रेक तापले की पेडल मऊ पडतं. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलून घ्या. त्यानंतर बेल्ट, कूलंट, ऑइल. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम सगळ्यांत शेवटी.

चासी क्रमांकावरून कंपनीकडे रिकॉलची, म्हणजे दोष सापडल्यावर कंपनीने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्यात का याची, चौकशी करा. जुन्या गाडीच्या बाबतीत हे हमखास राहून जातं, कारण मालक बदलले की कंपनीची पत्रं जुन्याच पत्त्यावर जातात. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं रिकॉल वाहनउद्योगातलं सर्वांत मोठं. एअरबॅग फुगवणाऱ्या अमोनियम नायट्रेटवर वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणाचा परिणाम होऊन एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडत होते, आणि माणसं मेली. म्हणजे गाडी जुनी तितका धोका जास्त. रिकॉलचं काम सहसा फुकट होतं.

आणि एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं. अमेरिकेतले शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ सालची एक व्होल्वो स्वतः चालवून २०१३ मध्ये ३० लाख मैलांचा टप्पा गाठला. मॅन्युअलमधलं सर्व्हिसचं वेळापत्रक ते नेमाने पाळत.

विकायची ठरली तर

मोठी दुरुस्ती करून विकू नका, घातलेले पैसे किमतीत निघत नाहीत. आतून-बाहेरून स्वच्छ करा, गेलेले बल्ब बदला, टायरमध्ये हवा भरा. गळती लपवायला इंजिन धुऊन मात्र ठेवू नका. ती फसवणूक आहे.

जाहिरातीत दोष वरच लिहा आणि पोचे आलेल्या भागाचेही फोटो टाका. माझ्या दुसऱ्या गाडीचा दुसरा गिअर थंडपणी खरखरायचा. बघायला आलेल्याला मी चावी देण्याआधीच ते सांगितलं आणि इंजिन मुद्दाम थंड ठेवलं होतं. त्याने दुसरा गिअर टाकला, खर्र झालं. त्याने मान डोलावली आणि वही मागितली. पंधरा मिनिटं एकेक पान वाचलं. सांगितलेल्या किमतीतून त्याने थोडेच कमी करायला लावले, आणि पुढे कधी तक्रारीचा फोन आला नाही.

चालवून बघायला देण्याआधी लायसन्स बघा आणि शेजारी स्वतः बसा. पैसे खात्यात खरोखर जमा झाल्यावरच चावी द्या. नुसता मेसेज पुरेसा नाही. विक्रीच्या कागदावर तारीख, वेळ, मीटरवरचे किलोमीटर आणि सांगितलेले दोष लिहून दोघांनी सह्या करा. नाव बदलाची प्रक्रिया ‘तो करून घेईल’ म्हणून सोडू नका. नोंदीत तुमचं नाव असेतोवर दंडाची आणि अपघाताची चौकशी तुमच्याच दारात येऊ शकते.

शेवटी म्युझिक सिस्टिममधून तुमचा फोन आणि घराचा पत्ता पुसा, डॅशबोर्डचा कप्पा आणि सीटखालची जागा हाताने चाचपा, आणि दुसरी चावी व वही नव्या मालकाच्या हातात द्या.