वऱ्हाडी कादंबरी स्वतः छापायची तर

लिहून झालं की आधी संवाद मोठ्यानं वाचा. अकोला-अमरावतीकडचं पात्र दहाव्या पानावर 'मले' आणि चाळिसाव्यावर 'मला' म्हणालं, की वाचकाचा विश्वास उडतो. म्हणून बोलीची शब्दयादी करा: मले, तुले, काहून, डोया. प्रत्येक शब्द एकाच पद्धतीनं लिहा. भंडारा-गोंदियाची झाडीबोली वेगळी, ती यात मिसळू नका. यादी मुद्रितशोधकाच्या हाती आधीच द्या. नाहीतर तो 'डोया'चा 'डोळा' करेल, आणि त्याच्या जागी तो बरोबरच असेल.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. डीटीपीवाल्याकडे (पानं जुळवणाऱ्याकडे) युनिकोड नसलेले जुने फॉन्ट असले तर रूपांतरात 'ऱ्या', 'ऱ्हा' हमखास बिघडतात. 'शेतकऱ्यांचा', 'दुसऱ्या', 'वऱ्हाडी' हे शब्द एकेक करून शोधा. शेवटचं प्रूफ कागदावरच वाचा. मोबाईलवर काना-मात्रा सुटतात.

खर्च ठरतो फर्म्यावर, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घालतात त्या पानांच्या गठ्ठ्यावर. डेमी आकारात (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) 16 पानांचा फर्मा धरतात. 45,000 शब्द, पानाला 280, म्हणजे 161 पानं. प्रकरणांच्या मोकळ्या जागेची 7 आणि सुरुवातीची 8 मिळवली की 176, बरोबर 11 फर्मे. तेच 178 झालं तर बारावा फर्मा लागतो आणि 14 पानं कोरी जातात. अशा वेळी अक्षर बारीक करू नका, वयस्क वाचकाला त्रास होतो. ज्या प्रकरणांच्या शेवटच्या पानावर दोन-तीनच ओळी उरल्यात, तिथली वाक्यं कापा. बहुतेकदा कादंबरीही सुधारते.

मुखपृष्ठाचा कणा (पुस्तकाच्या पाठीची उभी पट्टी) अंदाजानं आखू नका. त्याच कागदाची कोरी प्रत बांधून घ्या आणि जाडी मोजा. 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) मॅपलिथो या छपाईच्या कागदाची 88 पत्रकं, म्हणजे दोन्ही बाजू धरून 176 पानं, साधारण 8 मिलिमीटर भरतात. दोन मिलिमीटर चुकले तरी नाव कडेवर सरकतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन, मोफत मिळतो. छापील प्रत आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगळे. मुखपृष्ठ छापखान्यात जाण्याआधीच अर्ज करा.

ग्रंथालयांना पुस्तकं देण्याबाबतच्या 1954च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवावी लागते. या चार प्रती आधीच बाजूला काढा. उरलेले गठ्ठे पावसाळ्यापूर्वी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. जमिनीला टेकले की तळच्या गठ्ठ्याला वाळवी लागते.