दहा बाय दहाच्या खोलीत उभ्या आसनांची साखळी

टीपॉय भिंतीला सरकवला की मॅटपुरती जागा होते, आणि उभ्या आसनांना तेवढी पुरते. शिवाय यात उड्या नाहीत, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकू वर येत नाहीत. (माझ्याकडे एकदा आल्या होत्या.) पोट रिकामं हवं, जेवण झालं असेल तर तीन-चार तास थांबा. पावसाळ्यात लाद्या दमट होतात आणि फाकवलेले पाय घसरतात, म्हणून मॅट हवीच. मोजे नकोत.

मॅट अशी टाका की लाद्यांचा सांधा तिच्या मधोमध येईल. मॅटच्या पुढे दिसणारी ती रेघ पुढे कामाला येणार आहे.

मॅटच्या पुढच्या टोकाला ताडासनात, म्हणजे पाय जुळवून ताठ, उभे राहा. दोन्ही तळव्यांवर सारखं वजन. श्वास घेत हात वर न्या, सोडत खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे वाकवा: हे उत्कटासन. पुन्हा श्वास घेत सरळ व्हा आणि सोडत डावा पाय साधारण तीन-साडेतीन फूट मागे टाका. मागचं पाऊल तिरकं, टाच जमिनीला टेकलेली. उजवा गुडघा वाकवा, हात वर: वीरभद्रासन पहिलं.

आता श्वास सोडत कंबर डावीकडे उघडा, हात खांद्यांच्या रेषेत दोन बाजूंना पसरा, नजर उजव्या हाताच्या बोटांवर. हे वीरभद्रासन दुसरं, आणि घोळ इथेच होतो. गुडघा हळूच आत कलतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. मान खाली करून बघा: गुडघ्याच्या आतल्या बाजूला पायाचा अंगठा दिसतोय का? दिसत नसेल तर गुडघा करंगळीच्या दिशेने ढकला. तो घोट्याच्या पुढेही जाऊ देऊ नका. पुढची टाच सांध्याच्या रेघेवर आणि मागच्या तळव्याची कमान त्याच रेघेवर आली, की पाय जागेवर आहेत. घाईत पुढे जाण्यापेक्षा इथे पाच श्वास थांबा. दक्षाचा यज्ञ उधळायला शंकराच्या जटेतून निघालेल्या वीरभद्राचं हे आसन, पण खांदे मात्र कानांपासून लांब आणि सैल ठेवायचे.

श्वास घेत उजवा तळहात वर फिरवून हात डोक्यावरून मागे न्या, डावा हात मागच्या मांडीवर अलगद ठेवा. श्वास सोडत उलट बाजूला या: उजवं कोपर उजव्या मांडीवर, डावा हात कानावरून पुढे. हे पार्श्वकोनासन. कोपरावर रेलू नका. श्वास घेत वर या, पुढचा पाय सरळ करा आणि सोडत त्रिकोणासनात जा, म्हणजे कंबरेतून उजवीकडे झुका, डावा हात वर. उजवा हात नडगीवर ठेवा, गुडघ्यावर अजिबात नको. हात जमिनीला टेकवण्याचा हट्ट धरला की छाती खाली वळते, मग त्रिकोण राहतोच कुठे?

वर या, पुढचा गुडघा थोडा वाकवून मागचा पाय पुढे आणा, ताडासन. मग हेच सगळं दुसऱ्या बाजूने.

पहिल्या फेरीत प्रत्येक आसनात चार-पाच श्वास थांबा. पाय जागेवर पडायला लागले की एका श्वासाला एक हालचाल, अशा दोन-तीन फेऱ्या. श्वास तुटायला लागला तर वेग कमी करा.

रक्तदाब जास्त असेल तर हात वर न नेता छातीशी जोडा. गुडघे दुखत असतील तर पायांतलं अंतर कमी ठेवा. गरोदरपणात किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नवख्यांनी एकदा तरी शिक्षकासमोर करून पाहावं. योगगुरू योगेंद्रजींनी १९१८ साली वर्सोव्याला सुरू केलेली योग इन्स्टिट्यूट आता सांताक्रूझ पूर्वेला आहे, आणि संसारी माणसाला योग शिकवण्यावरच तिचा भर राहिला आहे.

शेवटी दोन्ही बाजूंनी वृक्षासन: एका पायावर उभं राहायचं. दुसऱ्या पायाचा तळवा पोटरीवर किंवा मांडीवर, गुडघ्याच्या बाजूला नाही. नजर न हलणाऱ्या वस्तूवर ठेवा. खिडकीतल्या कबुतरावर नको, ते उडालं की आपणही पडतो.