बूम खाली ठेवल्यावर: टीव्ही पत्रकारितेतून राजकीय संवादाच्या कामात जाताना

बूम म्हणजे चॅनलचा हातातला माइक. तो खाली ठेवून, टीव्हीतली नोकरी सोडून एका राजकीय नेत्याचं माध्यमांचं काम बघायला लागले, त्याला सहा वर्षं झाली. त्याआधी १४ वर्षं चॅनलमध्ये होते. आधी फिल्डवर, मग राजकीय ब्युरोत, आणि शेवटची तीन वर्षं रात्री नऊचं बुलेटिन. आता दर महिन्या-दोन महिन्यांनी जुन्या बिरादरीतलं कुणीतरी फोन करतं, इकडचं तिकडचं बोलतं आणि मग आवाज खाली आणून विचारतं, "मलाही एक ऑफर आहे. काय करू?" तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. कुठल्या पक्षात जावं हे मात्र मला विचारू नका. ते ज्याचं त्यानं बघावं.

आधी विचारा, मला कशासाठी घेताय?

बऱ्याच नेत्यांना वाटतं, टीव्हीचा माणूस घेतला की चॅनलवाले खिशात आले. आमच्या साहेबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमच्या शब्दावर एखादी बातमी थांबेल ना?" मी म्हटलं, "मी तिथे असताना कुणाच्या शब्दावर थांबवली नाही. आता माझ्या शब्दावर कोण थांबवेल?" ते हसले. हसले नसते तर मी तिथूनच परत फिरले असते.

त्या भेटीत आणखी तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. एक, निर्णय होत असताना तुम्ही त्या खोलीत असणार की झाल्यावर तुम्हाला कळवणार? दोन, रात्री साडेआठला निवेदन द्यायचं झालं तर शेवटचा शब्द कुणाचा? मेहुण्यापासून स्वीय सहायकापर्यंत पाच जण कागदावर पेन फिरवणार असतील तर तो कागद नऊच्या बुलेटिनला पोचत नाही. तीन, पगार कोण देणार? सरकार, पक्ष आणि नेत्याचं खासगी कार्यालय ही तीन वेगळी घरं आहेत. सरकारी पैशावर असाल तर पक्षाचा प्रचार तुमच्याकडून होता कामा नये. ब्रिटनमध्ये मंत्र्यांचे विशेष सल्लागार असतात. मंत्री गेला की त्यांची नेमणूकही त्याच्याबरोबर संपते. तुमच्याकडे असा नियम असो-नसो, तसाच हिशोब धरून चला आणि नोटीस काळाचं लेखी घ्या. टीव्हीत आपण करारावर न वाचता सही करतो, ती सवय इथे महागात पडते.

निघताना

बोलणी गंभीर झाली त्याच दिवशी संपादकांना सांगा. नेमणुकीचं पत्र हातात येईपर्यंत थांबू नका. मी नऊ दिवस थांबले. त्या नऊ दिवसांत माझ्याच बुलेटिनला साहेबांच्या विरोधकाची मुलाखत आली आणि मी ती घेतली. प्रश्न नेहमीसारखेच होते, मी ती टेप नंतर दोनदा तपासली. पण ते आता कुणाला पटवणार? ती क्लिप अजूनही कुणीतरी वर काढतं आणि मला गप्प बसावं लागतं, कारण चूक माझीच आहे.

पत्रकार म्हणून ऑफ द रेकॉर्ड कळलेलं सगळं तिथेच सोडून या. नवा नंबर घ्या, जुन्या नोंदवह्या बांधून ठेवा. पहिल्या आठवड्यात कुणीतरी सहज विचारणारच, "त्यांच्या गोटात काय चाललंय, तुम्हाला तर माहीत असेल." माहीत असतं. सांगायचं नाही. तुमच्या सोर्सनं ते एका पत्रकाराला सांगितलं होतं.

आपण त्या नेत्याविषयी पूर्वी काय काय बोललो याची यादी स्वतः करा आणि पहिल्याच दिवशी त्याच्या हातात द्या. २००६ मध्ये फॉक्स न्यूजचे टोनी स्नो व्हाइट हाउसचे प्रवक्ते झाले, तेव्हा त्यांनी आधी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यावर केलेली टीका लगेच बाहेर आली. बुश यांनी नेमणूक जाहीर करतानाच त्यावर विनोद केला आणि विषय तिथेच बसला. हे शक्य झालं, कारण त्यांना ते आधीच ठाऊक होतं. माझ्या यादीत ११ नोंदी होत्या. साहेबांनी त्यातली एक मोठ्यानं वाचली, "हे जरा जास्तच होतं हं," एवढं म्हणाले आणि कागद खणात टाकला.

बाइट लिहायला नव्यानं शिका

बाइट म्हणजे नेत्याच्या बोलण्यातला बातमीत लागणारा छोटा तुकडा. इथे टीव्हीवाल्यांचा हमखास घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मला वाटलं होतं, हे तर आपल्या डाव्या हातचा मळ. पहिल्या मोठ्या पत्रकार परिषदेसाठी मी साहेबांना झकास मजकूर लिहून दिला. त्यांनी तो पाठ केला. कॅमेरे सुरू झाले आणि साहेब म्हणाले, "या ठिकाणी आपण पाहू शकता की प्रशासन युद्धपातळीवर कामाला लागलेलं आहे." मागच्या रांगेतला एक कॅमेरामन मोठ्यानं हसला. मी नेत्याच्या तोंडात माझा पीटूसी, म्हणजे रिपोर्टरनं कॅमेऱ्याकडे बघून बोलायचा मजकूर, कोंबला होता.

तेव्हापासून मी आधी लिहीतच नाही. विषय काढते आणि साहेबांना त्यांच्या भाषेत दहा मिनिटं बोलू देते. चिडू देते. त्या बोलण्यातली दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेते आणि त्यांनाच परत वाचून दाखवते. मग घड्याळ लावते. अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकांच्या बातम्यांचा अभ्यास झालाय: १९६८ मध्ये उमेदवाराचा बाइट सरासरी ४३ सेकंद चालायचा, १९८८ पर्यंत तो ९ सेकंदांवर आला. म्हणजे स्मार्टफोन यायच्या कितीतरी आधी. तेव्हा तुमच्या नेत्याचं वीस मिनिटांचं भाषण कुणी दाखवणार नाही, यात चॅनलचा काही आकस नसतो.

एडिट टेबलवर बसल्याचा फायदा इथे घ्या. उत्तर पहिल्या वाक्यात हवं, कारण नंतरचं कापलं जातं. वाक्याची सुरुवात "पण", "म्हणून", "तो" अशा शब्दांनी नको. मागचं वाक्य उडालं की ते लंगडं होतं. आणि आरोप नाकारताना आरोपाचे शब्द तोंडात घ्यायचेच नाहीत. "आम्ही पैसे खाल्ले नाहीत" म्हणालात की टिकरवर, म्हणजे पडद्याखालच्या धावत्या पट्टीवर, "पैसे खाल्ले" हेच दोन शब्द रात्रभर धावणार. वॉटरगेट प्रकरणात अडकलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन १७ नोव्हेंबर १९७३ ला जाहीरपणे म्हणाले होते की मी भामटा नाही, आणि पन्नास वर्षं लोकांच्या लक्षात राहिला तो भामटा. त्याऐवजी काय झालं ते सांगा: निविदा कुणी काढली, कधी काढली, कागद कुठे बघायला मिळेल.

न्यूजरूमचं घड्याळ

ही तुमची खरी कमाई. सकाळच्या मीटिंगमध्ये काय ठरतं, रनडाऊन, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम, कधी पक्का होतो, असाइनमेंट डेस्कवरचा माणूस कुठल्या क्षणी नुसती एक ओळ मागत असतो, हे तुम्हाला माहीत आहे आणि नेत्याच्या भोवतीच्या कुणालाच माहीत नाही. आठ चाळीसला फोन आला, "तुमची बाजू?" आणि तुम्ही तो उचलला नाही, तर रिकाम्या खुर्चीचं व्हिज्युअल आणि "प्रतिक्रिया मिळू शकली नाही" एवढं तयार होतं. आपणच शंभर वेळा तयार केलंय ते. तेव्हा वीस मिनिटांत काहीतरी द्या. "माहिती घेतोय, साडेनऊला बोलतो" हेही चालतं. फक्त साडेनऊला खरंच बोला.

चुकीची बातमी लागली तर फक्त चुकलेली वस्तुस्थिती सांगा: आकडा, तारीख, नाव. सूर आवडला नाही म्हणून फोन करायचा नाही. आणि रिपोर्टरला ओलांडून मालकाला किंवा संपादकांना तर मुळीच नाही. माझ्यावर तसे फोन आलेत. मी त्या माणसांची नावं अजून विसरलेले नाही, तुम्हीही विसरला नसाल.

बातमी द्यायची खाज

चौदा वर्षं ज्याला बातमी आधी कळते तोच मोठा, हे रक्तात भिनलेलं. तिसऱ्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याशी बोलताना माझ्या तोंडून सहज निघालं, "उद्या दौरा रद्द व्हायची शक्यता आहे." निर्णय झालेला नव्हता. चार मिनिटांत "सूत्रांच्या माहितीनुसार" म्हणून ते फ्लॅश झालं. आयुष्यभर लिहिलेला तो शब्दप्रयोग स्क्रीनवर बघताना पोटात गोळा आला, कारण सूत्र मीच होते. साहेब ओरडले नाहीत. मी खोलीत शिरले की आवाज खाली यायला लागला, बस. तो परत नेहमीसारखा व्हायला सात महिने लागले.

जुन्या मित्रांशी बोलणं तोडू नका, पण फोन उचलताच ठरवा की आता मी कोण म्हणून बोलतेय. ऑन रेकॉर्ड की ऑफ द रेकॉर्ड, हे बोलण्याआधी ठरतं, बोलून झाल्यावर नाही. हा नियम रिपोर्टर असताना आपण इतरांना सुनावला, तो आता आपल्यालाही लागू.

खोटं

"माहीत नाही", "माहीत आहे पण सांगू शकत नाही" आणि "विचारून सांगते" ही तीन वेगळी वाक्यं आहेत. त्यांची अदलाबदल केली की तुमचं काम संपलं. पत्रकाराला नकार चालतो, फसवणूक चालत नाही.

जेराल्ड टरहॉर्स्ट हे वर्तमानपत्रातले पत्रकार १९७४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचे प्रवक्ते झाले. वॉटरगेटमुळे नुकतेच पायउतार झालेल्या निक्सन यांना माफी देण्याचा विचार आहे का, असं पत्रकारांनी विचारलं, तेव्हा त्यांनी आत चौकशी केली. आतल्यांनी अंधारात ठेवलं, आणि यांनी बाहेर "नाही" सांगितलं. ८ सप्टेंबरला माफी जाहीर झाली. त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला, जेमतेम महिनाभरात. त्यांच्या जागी आले रॉन नेसन, एनबीसीचे टीव्ही पत्रकार. खोलीत बसायला मिळणार का, हे मी सुरुवातीला विचारायला सांगितलं ते यासाठी. बाहेर ठेवलेला प्रवक्ता नकळत खोटं बोलतो, आणि नाव त्याचंच जातं.

तालीम

पत्रकार परिषदेच्या आदल्या दिवशी मी साहेबांसमोर कॅमेऱ्याच्या जागी बसते आणि सगळ्यात उद्धट प्रश्न आधी विचारते. जो प्रश्न निघाल्यावर खोलीतले सगळे फायलीत डोकं घालतात, तोच. पहिल्या वेळी साहेब म्हणाले, "तुम्ही माझ्याकडून आहात ना?" मी म्हटलं, "म्हणून आज विचारतेय. उद्या विचारणारे तुमचे नाहीत."

तालमीत खरं उत्तर सापडतच नसेल तर शब्द बदलून उपयोग नाही, मग मूळ निर्णयच बघावा लागतो. आयटीव्हीच्या पत्रकार अलेग्रा स्ट्रॅटन २०२० मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या प्रवक्त्या झाल्या. टीव्हीवर रोज पत्रकार परिषद घ्यायची म्हणून २६ लाख पौंड खर्चून दालन उभारलं गेलं. ती योजना बारगळली. पण त्या डिसेंबरमधल्या एका तालमीत, पंतप्रधानांच्या कार्यालयातल्या लॉकडाऊनमधल्या पार्टीबद्दलच्या लुटुपुटीच्या प्रश्नावर त्या हसल्या होत्या. वर्षभरानं ते फुटेज फुटलं, त्यांच्याच जुन्या वाहिनीवर, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. माझ्या तालमीत कॅमेरा चालू असतो, कारण चेहरा बघावा लागतो. पण कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड माझ्या पर्समध्ये जातं. आणि जे बाहेर गेलं तर चालणार नाही ते तालमीतही बोलायचं नाही.

तुमचीच जुनी बातमी

एडवर्ड मरो हे अमेरिकन टीव्ही पत्रकारितेतलं केवढं मोठं नाव. १९६० मध्ये त्यांनी सीबीएससाठी स्थलांतरित शेतमजुरांच्या हालांवर माहितीपट केला. १९६१ मध्ये ते सरकारच्या माहिती संस्थेचे प्रमुख झाले आणि तोच माहितीपट दाखवू नका, अशी विनंती त्यांनी बीबीसीला केली. बीबीसीनं दाखवला. मरोंना जे जमलं नाही ते आपल्याला आपोआप जमेल, अशा भ्रमात राहू नका.

माझ्यावर ती वेळ दीड वर्षानं आली. साहेबांच्याच खात्यातल्या रखडलेल्या कामावर मी कधीकाळी केलेलं पॅकेज, म्हणजे संपादित करून दाखवलेली बातमी, विरोधकांनी व्हायरल केलं. दुपारी तीनला साहेबांनी मोबाइल पुढे धरला. "तुमचा आवाज आहे ना हा?"

"हो."

"चूक होतं?"

"नाही. बरोबर होतं."

त्यांनी साडेचार मिनिटांचं पॅकेज शेवटपर्यंत बघितलं. मग विचारलं की त्यातलं आज काय बदललंय. मी खात्यातून आकडे मागवले; निम्मं काम झालं होतं, निम्मं तसंच पडलं होतं. साहेबांनी तेच सांगायचं ठरवलं. बातमी खरी होती, अर्धं काम झालंय, उरलेल्याची ही तारीख. मला रिपोर्टरनं विचारलं, तेव्हा मीही बातमी बरोबर होती म्हणून सांगितलं आणि ते ऑन रेकॉर्ड होतं.

बाइट १९ सेकंदांचा झाला. नऊच्या बुलेटिनला त्यातले ११ लागले.