उपाहारगृहाचे अंतरंग टिपताना

इंदूरमधील एखाद्या जुन्या वाड्यात थाटलेल्या उपाहारगृहाचे अंतरंग टिपताना कॅमेरा तिवईवर, सुमारे १.२ मीटर उंचीवर आणि पूर्णपणे समतल ठेवावा. तो वर किंवा खाली जरासा जरी झुकला, तरी लाकडी खांब कलल्यासारखे दिसतात आणि वास्तूचा सारा भारदस्तपणा हरवतो. खरी अडचण प्रकाशाची असते. खिडकीतून येणारा दिवसाचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर), तर पिवळ्या दिव्यांचा २७०० केल्विनच्या आसपास असल्याने एकाच भिंतीवर निळी आणि नारिंगी झाक उमटते. म्हणून मालकांच्या परवानगीने सकाळी दिवे मालवून आणि दिवेलागणीनंतर ते लावून, अशी स्वतंत्र छायाचित्रे घ्यावीत. फ्लॅश मात्र कटाक्षाने टाळावा, कारण समोरून पडणाऱ्या प्रकाशात तुळयांवरील कोरीवकामाच्या सावल्या पुसल्या जातात.